बळजबरीचा पर्याय

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात एक जुना संगणक आहे. २०१४ साली दुसऱ्या एका विभागाचा वापरून झाल्यावर तो आमच्याकडे आला, आणि तेव्हापासून आम्ही दोघी त्याच्यासमोर आळीपाळीने बसत आलो आहोत. त्याच्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० नावाची जी सोय लागते, ती या यंत्रात नाही. आणि नवा संगणक मागून मिळावा इतके मराठी विभागाच्या शब्दाला वजन नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी गावी आला होता. बी. ए.ला मराठी घेऊन पुढे संगणकाकडे वळलेला. तो म्हणाला, "मॅडम, लिनक्स टाकून देतो. जुनं विंडोजही शेजारी राहू दे, लागलं तर असावं." एका दुपारी त्याने उबुंटू बसवले, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने तो पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लक्षात आले, की डी ड्राइव्ह उघडत नाही.

डी ड्राइव्हमध्ये काय होते ते सांगितले पाहिजे. दरवर्षी आमच्या विद्यार्थिनी आपल्या आजीच्या, आईच्या, शेजारणीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या कामाविषयी वर्गात बोलता बोलता आमचा हा छोटासा उपक्रम सुरू झाला. अकरा वर्षांच्या वह्या आम्ही टंकून ठेवल्या होत्या आणि मोबाइलवर केलेली ध्वनिमुद्रणेही तिथेच साठवली होती. त्यांतल्या कितीतरी आज्या आता नाहीत. दुसरी प्रत? 'एकदा सवडीने करू' असे आम्ही एकमेकींना किती वर्षे सांगत होतो, ते आता लिहायलाही लाज वाटते.

डी ड्राइव्हच्या चित्रावर टिचकी मारली, की एक इंग्रजी संदेश उमटे. त्यातले 'एरर' आणि 'बॅड' हे दोन शब्द दिसताच आमच्या पोटात गोळा आला. आम्ही पुण्याला फोन लावला.

"काय म्हणतोय, मॅडम?"

"उघडत नाही म्हणतोय."

"तो असं म्हणत नसणार. जे लिहिलंय ते शब्दशः वाचून दाखवा ना."

वाचकहो, आम्ही गेली वीसेक वर्षे वर्गात हेच सांगत आलो आहोत. कविता न वाचता मार्गदर्शकातला भावार्थ उतरवणाऱ्या मुलांवर आम्ही चिडतो. आधी संहिता, मग अर्थ, असे पुन्हा पुन्हा बजावतो. आणि आमचे स्वतःचे असे काही पणाला लागले, तेव्हा आम्हीही संहिता न वाचताच भावार्थ सांगून मोकळ्या झालो. आमच्याच विद्यार्थ्याने आम्हांला आमचाच धडा दिला, आणि तोही अत्यंत अदबीने.

मग वाचले. संदेशाचा आशय असा होता: फाइल व्यवस्थेचा प्रकार चुकला आहे, किंवा पर्याय चुकला आहे, किंवा सुपरब्लॉक बिघडला आहे, किंवा एखादा मदतनीस प्रोग्राम नाही, किंवा अन्य काही दोष आहे. आम्ही त्यातला फक्त 'बिघडला' एवढाच शब्द उचलला होता. खरे तर ते निदान नव्हतेच; ती शक्यतांची यादी होती, आणि त्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'किंवा' हा होता. उभयान्वयी अव्यय शिकवणाऱ्यांच्या नजरेतून नेमके तेच निसटावे!

"आता खरं कारण बघू," असे म्हणून त्याने आम्हांला टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायला लावली. तिथे आधी डिस्कवरच्या सगळ्या पार्टिशनांची यादी काढली. पार्टिशन म्हटले की आम्हां साहित्यवाल्यांना पहिल्यांदा फाळणी आठवते. पण इथला अर्थ चाळीतल्या पार्टिशनचा आहे. एकच खोली, मध्ये लाकडी आडोसा आणि दोन बिऱ्हाडे. यादीत डी ड्राइव्ह होता. मात्र 'डी' या नावाने नव्हे. लिनक्समध्ये सी, डी अशी वेगवेगळी घरे नसतातच. सगळा पसारा एकाच झाडावर असतो आणि त्या झाडाचे मूळ सर्वांत वर मानलेले असते. गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या अश्वत्थासारखे. एखादे पार्टिशन त्या झाडाच्या फांदीला जोडले, म्हणजे 'माउंट' केले, तरच ते दिसते. जोडले नाही तर ते असते, पण त्याला पत्ता नसतो. यादीत डी समोर आकारमान होते, एनटीएफएस हा प्रकार होता, आम्ही पूर्वी दिलेले नावही होते. फक्त फांदीची जागा रिकामी होती. 'नाही' आणि 'जोडलेले नाही' यांतले अंतर कळले तेव्हा आम्हांला पहिला मोकळा श्वास घेता आला.

मग यंत्राच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, स्वतःशी केलेल्या नोंदी पाहण्याची आज्ञा त्याने टंकायला सांगितली. शेवटच्या काही ओळींत खरे वाक्य सापडले. त्याचा अर्थ: हा भाग मळलेला आहे आणि 'फोर्स'ची खूण केलेली नाही.

इथे आमच्यात मतभेद झाला. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे, की उपाय संदेशातच सांगितला आहे. 'फोर्स' लावलेला नाही म्हणतो, तर लावू या. दुसरीला 'मळलेला' हा शब्द खुपत होता. कशाने मळला, हे कळल्याशिवाय हात कसा घालायचा? सोवळ्या-ओवळ्याच्या घरांत वाढलेल्या आम्हां दोघींना त्या शब्दाचा एक जुना, नकोसा वासही आला. पण फोनवरून जो अर्थ कळला तो विटाळाचा नव्हता. तो अर्धवट राहिलेल्या कामाचा होता.

गोष्ट अशी आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आली. आपण संगणक बंद करतो, पण विंडोज पुरते बंद होत नाही. आपल्या गाभ्याची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवून ते झोपी जाते, म्हणजे सकाळी लवकर उठता येते. त्याच्या लेखी डिस्कचे व्यवहार अजून चालूच असतात. त्यात आमच्या गावी वीज केव्हाही जाते, आणि यूपीएस नावाचा डबा केवळ शोभेपुरता उरला आहे. त्यामुळे लिहिता लिहिता धाडकन बंद पडण्याचीही या यंत्राला सवय. अशा वेळी त्या पार्टिशनवर एक खूण राहते: इथले काम नीट मिटलेले नाही. लिनक्सच्या गाभ्यात २०२१ पासून एनटीएफएस वाचण्या-लिहिण्याचा जो चालक आहे, तो ही खूण पाहतो आणि दारातच थांबतो. दुसऱ्याने उघडी टाकलेली वही आपण परस्पर लिहायला घेतली, तर त्याचे अर्धे वाक्य आणि आपले नवे वाक्य एकमेकांत मिसळतील, ही त्याची भीती. नकार म्हणून आम्ही ज्याला दूषण देत होतो, तो वास्तविक जुन्या लेखनाविषयीचा आदर होता.

"खूण पुसता येते," तो म्हणाला, "त्यासाठी एनटीएफएसफिक्स म्हणून एक साधन आहे. पण ते वरवरच्या दोन-चार गोष्टी नीट करतं. आतली पूर्ण तपासणी त्याच्या हातची नाही. आपल्याकडे विंडोज शिल्लक आहे ना? मग ज्याने वही उघडी टाकली त्याच्याकडूनच ती मिटवून घेऊ."

त्याप्रमाणे केले. संगणक पुन्हा विंडोजमध्ये नेला. चेकडिस्क लावून डी ड्राइव्ह तपासून घेतला. त्याने थोड्या चुका दुरुस्त केल्या. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढून टाकली आणि यंत्र खऱ्या अर्थाने बंद केले. मग उबुंटू सुरू करून डी ड्राइव्हवर टिचकी मारली. तो उघडला. अकरा वर्षांची अकरा फोल्डरे जिथल्या तिथे होती. 'फोर्स'चा आग्रह धरणारी आमच्यातली जी होती, तिने डोळ्यांना पदर लावला. दुसरीनेही फार वेगळे काही केले नाही.

पण दारे एकाच प्रकारे बंद होत नाहीत. विद्यार्थ्याने आमच्या नव्या लेखनासाठी 'विभाग' नावाचे आणखी एक पार्टिशन करून दिले होते. ते लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ या पद्धतीचे. ते उघडत होते, आतले दिसतही होते, पण त्यात काही ठेवू गेले की 'परवानगी नाही'. इथे काहीच मळलेले नव्हते. प्रश्न मालकीचा होता. ते पार्टिशन तयार करताना 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने तयार झाले होते, आणि आम्ही तिथे केवळ पाहुण्या होतो. चाउन या एका आज्ञेने मालकी आमच्या नावावर झाली. मात्र ती टंकण्याआधी पत्त्यातले अक्षर न् अक्षर त्याने आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतले. ही आज्ञा पत्ता चुकून झाडाच्या मुळावर लागू झाली, तर सगळी प्रणालीच विस्कटते. पहिल्या दारावर संयम हवा होता, दुसऱ्यावर अधिकार. लक्षण एक, 'उघडत नाही'. कारणे दोन, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालला नसता.

तिसरा प्रकार सुदैवाने आमच्या वाट्याला आला नाही. काही संगणकांवर पार्टिशन सांकेतिक करून ठेवलेले असते. बिटलॉकरने असे केलेले असले आणि नेहमीची वाट बंद झाली, तर ४८ अंकी किल्ली लागते, आणि ती नसेल तर समोर असलेला मजकूर असून नसल्यासारखाच. हे ऐकताना आम्हांला महानुभावांची सकळ लिपी आठवली. कित्येक शतके त्या पोथ्या मठांत सुखरूप होत्या. पंथाबाहेरच्या वाचकाला मात्र त्यांतले मराठी गद्य कळत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अभ्यासकांना लिपीची किल्ली मिळाली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. पोथी जपणे आणि पोथी वाचता येणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

त्याचा प्रत्यय लगेच आला. २०१४ ते २०१६ या काळातल्या फाइली उघडल्या, तर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा! त्या आम्ही जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकल्या होत्या. त्या फॉन्टांत 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. एखाद्या इंग्रजी अक्षराला क चा मुखवटा चढवलेला असतो. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नव्हता, मुखवटा गळून पडला. विंडोजमधला फॉन्ट आणून बसवल्यावर मजकूर दिसू लागला; पण टिकाऊ उपाय एकच, तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणणे. रूपांतर करणारी साधने आहेत. ती रफार भलत्या अक्षरावर ठेवतात, आणि ऱ्हस्व वेलांटी त्यांना विशेष जड जाते. कारण जुन्या फॉन्टांत ती व्यंजनाआधी टंकत, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. म्हणजे शेवटी ओळ न् ओळ माणसानेच तपासायची.

हे काम मात्र आमचे आहे. इथे आम्हांला पुण्याला फोन करावा लागत नाही. पहिल्याच दिवशी आमच्यापैकी एकीने 'व्हता'चे 'होता' करून टाकले होते. दुसरीने ते परत 'व्हता' केले. ओवी म्हणणारीने जसे म्हटले तसेच राहिले पाहिजे. आपल्याला जे मळलेले वाटते ते पुसण्याआधी थांबायचे असते, एवढे ते यंत्र आम्हांला शिकवून गेले आहे.

आता प्रत्येक फोल्डरच्या तीन प्रती आहेत: एक विभागात, एक ग्रंथालयातल्या बाहेरच्या डिस्कवर आणि एक आमच्या घरी. शिवाय ज्या विद्यार्थिनींचा ठावठिकाणा लागतो आहे, त्यांना त्यांच्या त्यांच्या आजीचे मुद्रण आम्ही पाठवतो आहोत. परवा त्यातले एक ऐकून पाहिले. आरंभी जात्याची घरघर आहे, कोंबडे ओरडते आहे, आणि मग एका मुलीचा दबका आवाज येतो, "आजी, आता म्हण." त्यानंतर बराच वेळ काहीच नाही, फक्त जाते फिरत राहते. आम्ही दोघीही पुढे ढकलण्याचे बटण न दाबता ऐकत राहिलो. मग आजीने सुरुवात केली.