अक्काचा स्टीलचा पेला

माणसाला स्वतःची फीट दिसत नाही. मला १९९८ साली, दहावीच्या परीक्षेला महिना उरला असताना पहिली फीट आली. पहाटे अभ्यासाला उठले आणि जमिनीवर कोसळले, एवढंच आईनं नंतर सांगितलं. घुग्घुसच्या कॉलनीत बातमी नळाच्या रांगेतच पसरते. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. पलीकडच्या लाइनीतल्या एका पोराची मिरगी फेनिटॉईननं थांबली होती, म्हणून त्याच्याच गोळ्या आणाव्यात असाही सल्ला आला.

पहिल्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं. औषध वाईट नव्हे. मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या झटक्यांवर ते उत्तम चालतं. पण माझं भलतंच होत गेलं. रोज सकाळी हात आपोआप उडायला लागले. ब्रश सुटे, कंगवा सुटे. आई म्हणायची, "धांदरट आहेस नुसती." मलाही तसंच वाटायचं.

समोरच्या क्वार्टरमध्ये अक्का राहायची. तेलुगू घर, नवरा कोळसा खाणीत. आई पाण्याच्या रांगेत असायची तेव्हा माझा सकाळचा चहा अक्काकडे होई. फीट येऊन गेल्यावर काही दिवसांनी तिनं मला कपाऐवजी स्टीलच्या पेल्यात चहा दिला. दुसऱ्या दिवशीही पेलाच. बाकी सगळ्यांना कप. फीटवाली म्हणून माझा पेला वेगळा केला, हे मी मनात पक्कं धरलं आणि तिच्याकडे जाणं टाळू लागले.

नागपूरला दाखवायचं ठरलं तेव्हा बाबांची शिफ्ट होती, म्हणून आईसोबत अक्का निघाली. मी बसमध्ये तिच्याशी बोलले नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडण्याआधी काय होतं?" आईनं फक्त पडणं पाहिलं होतं, तिला सांगता येईना. मागे उभी असलेली अक्का एकदम म्हणाली, "डॉक्टरसाब, इसका हात सुबह सुबह उडता है. मेरे घर के चार कप फूट गये. नींद नही हुई तो जास्ती उडता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग बराच वेळ ते अक्कालाच प्रश्न विचारत होते. नंतर ईईजी काढला. किशोरवयात सुरू होणारा, झोपमोडीनं बळावणारा आणि सकाळी हात उडवणारा अपस्माराचा एक प्रकार असतो, हे तेव्हा कळलं. घरातला एक बोर्ड शॉर्ट होणं वेगळं आणि अख्ख्या फीडरची लाइन जाणं वेगळं, असं त्यांनी समजावलं. माझी फीडरची गोष्ट होती. अशा झटक्यांना कार्बामाझेपिन वाढवू शकतं. वर्गात क्षणभर शून्यात बघत राहणाऱ्या मुलांचंही त्यानं बिघडतं, त्यांना इथोसक्सिमाईड लागतं. म्हणजे शेजारच्या पोराची गोळी मला चालावी, हा हिशेबच चुकीचा होता.

मला व्हॅल्प्रोएट सुरू झालं. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये संशोधक इतर औषधं विरघळवायला ते वापरत होते. त्यात विरघळवलेलं काहीही झटके थांबवतंय, हे बघून गुण विरघळवणाऱ्याचाच आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. ही गोष्ट वाचली की मला अक्का आठवते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडत असलेलं तिनंही असंच हेरलं होतं. काही आठवड्यांत हात थांबले. जागरण करायचं नाही, ही सक्ती मात्र गोळीइतकीच कडक होती.

लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी बदलली. व्हॅल्प्रोएटनं पोटातल्या बाळात व्यंग येण्याची, पुढे त्याच्या बुद्धीवर परिणाम होण्याची भीती असते. हळूहळू लेव्हेटिरॅसिटॅमवर आणलं. एका नातेवाइकानं कुजबुज केलीच, की अशा मुलीचं लग्न कायद्यात बसत नाही. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट १९९९ सालीच गेली होती. बाबांनी ते शांतपणे सांगितलं आणि जेवायला बसले.

पेल्याचं अक्काला मी कधीच बोलले नाही. नागपूरहून परतताना बसमध्ये मी झोपले, ती तिच्या खांद्यावर. नवरा रिटायर झाल्यावर ते गावाकडे गेले. सामानाचा ट्रक भरताना तिनं मला हाक मारून तो पेला हातात दिला, म्हणाली, "रख ले, तेरा है."

सकाळची गोळी मी त्यातल्याच पाण्यानं घेते.