ओढ्याकाठची पेटी

१२ जुलै, ओतूर

रात्रभर झड होती. सकाळी उघडीप मिळताच मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्या बघून घेतल्या. ओढ्याकडच्या पेटीच्या दारात पांढऱ्या, कडक अळ्या पडलेल्या, खडूच्या तुकड्यांसारख्या. काही काळपट. चॉकब्रूडच, अळ्यांना होणारा बुरशीचा रोग. पिल्लांची चौकट हलवली की बंद घरांतल्या मेलेल्या अळ्या खुळखुळतात. फाउलब्रूड या दुसऱ्या रोगाची शंका नको म्हणून दबलेल्या झाकणाच्या घरात काडी फिरवून ओढली. तार सुटली नाही, आंबट वासही नाही. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, दोन्ही रोगांची वाट वेगळी.

१३ जुलै

काळ्या अळ्या वेचून जाळल्या. हा रोग करणारी ॲस्कोस्फेरा एपिस ही बुरशी १९१३ पासून शास्त्राला माहीत आहे. नर-मादीसारखे तिचे दोन प्रकार एकाच अळीत भेटले, तरच बीजाणू धरतात आणि अळी काळी पडते. अशा एकेका अळीत कोट्यवधी बीजाणू असतात आणि ते पंधरा वर्षेही टिकतात. अळी ते खाण्यातून गिळते. घरावर झाकण बसले की बुरशी तिचे अंग फोडून बाहेर येते.

पण बीजाणू धडधाकट पेट्यांतही सापडतात. रोग उठवतो तो गारठा. पिल्लांना ३४-३५ अंशांची ऊब लागते. नुकते झाकण बसलेली अळी थोडा वेळ ३० अंशांपर्यंत उतरली तरी बुरशीचे फावते. या पेटीत माश्या कमी, चौकटी जास्त, वर ओढ्याची ओल. पिल्लांच्या कडेच्या रांगा उघड्या पडत होत्या.

१५ जुलै

अण्णा आले. आमच्या भागात त्यांच्याइतका जुना मधपाळ नाही. दार बघून म्हणाले, “बुरशीनाशक पावडर पाकात घाल, आठवड्यात साफ होईल.”

“अण्णा, ती मधात उतरेल. आणि पेटी ओली ती ओलीच राहील.”

“मग काय, बघत बसणार?”

बघत बसलो नाही. दोघांनी मिळून पेटी वरच्या बांधावर हलवली, विटांवर चढवून दाराकडे किंचित उतार दिला. तळपाट खरवडून जाळावर शेकला. जुनी काळी पोळी काढून वितळवायला ठेवली, रिकाम्या चौकटी उचलल्या, माश्या उरलेल्या चौकटी पुरत्या झाकतील इतकीच जागा ठेवली. झाकणाखाली हवेला फट. पाक घट्ट, दोन भाग साखर नि एक भाग पाणी. पातळ पाकाने पेटीत दमटपणा वाढतो. विकतचा पराग मुळीच नाही, बीजाणू त्यातूनही येतात. अण्णांना हे पटले असे नाही, पण सगळी उचलठेव त्यांनीच केली.

३ ऑगस्ट

पेटी कोरडी आहे, तरी तळपाटावर अळ्या पडतातच. काल या पेटीतली आणि बांधावरच्या जोमदार पेटीतली शंभर-शंभर बंद घरे टाचणीने टोचून ठेवली होती. आज जोमदार पेटीत जवळपास सगळी घरे उपसून स्वच्छ. इथे निम्मी तशीच. मेलेले पिल्लू वेळीच बाहेर काढण्याची सवय माश्यांच्या रक्तातच असावी लागते, आणि ती राणीकडून येते. गारठा मी आवरू शकतो, ही सवय लावू शकत नाही. म्हणून जुनी राणी काढली. जोमदार पेटीच्या राणीची लेक फेब्रुवारीपासून छोट्या पेटीत राखून ठेवली होती. ती पिंजऱ्यातून आत दिली.

२८ ऑगस्ट

नव्या राणीची अंडी सलग पडली आहेत. बाजरी निसवल्यापासून पायांना पराग बांधून माश्या येताहेत. तळपाटावर दोन-तीनच अळ्या दिसल्या, सगळ्या पांढऱ्या.

एवढ्यावर पेटी बरी झाली असे म्हणणार नाही. अंड्यातून कामकरी माशी निघायला २१ दिवस लागतात. आत अजून जुन्या राणीच्याच लेकी जास्त आहेत. त्या सरल्यावर पुन्हा टाचणी. तोवर या पेटीतली एकही चौकट दुसऱ्या पेटीत जाणार नाही, आणि कांद्याच्या बियाण्याच्या शेतात कोणी भाड्याने मागितली तरी ही पेटी द्यायची नाही.