काळीच्या मुखातून समुद्रावर

बेळगावात वाढलेल्या माझ्या पिढीने 'कारवार' हे नाव नकाशात शोधण्याआधी घोषणेत ऐकले. बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी ही नावे एका दमात म्हणता येतात, पण त्यातले कारवार आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? पाहिले तरी बहुधा गोव्याला किंवा गोकर्णाला जाता-येता, गाडीच्या खिडकीतून. खरे तर हे गाव रस्त्यावरून दिसतच नाही. ते पाण्यावरून दिसते. गेल्या एप्रिलच्या अखेरीस, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून, आम्ही चार मित्र ते तसे पाहायला गेलो.

आम्हा चौघांत एक धारवाडकडचे कन्नडचे प्राध्यापक, एक खानापूरचे व्यापारी, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि मी. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असा रस्ता आम्ही मुद्दाम धरला. काळी नदी याच जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. घाट उतरल्यावर ती शेवटपर्यंत रस्त्याची सोबत करते. जिच्या मुखातून उद्या बाहेर पडायचे, तिच्याच काठाने आदल्या दिवशी उतरणे आम्हाला बरे वाटले.

सकाळी साडेसहाला कोडीबागच्या धक्क्यावरून बोट निघाली. उन्हाळ्यात समुद्रावर जायचे ते सकाळीच. दहा-अकरापर्यंत पाणी शांत असते, पुढे वारा चढतो आणि लाटा उठू लागतात. आमचे तांडेल पन्नाशीचे. हाताखालच्या अंकोल्याच्या पोराशी ते कन्नडमध्ये बोलत, मोबाईलवर घरी कोकणीत आणि आमच्याशी मराठीत. एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना त्यांना भाषा बदलल्याचे भानही नसे. आमच्या प्राध्यापकांनी त्यांना विचारले, "तुमची मातृभाषा कुठली म्हणायची?" ते म्हणाले, "घरात कोकणी, शाळेत कन्नड, भजनात मराठी. कुठली लिहायची ती तुम्हीच लिवा सर."

मुखाच्या उत्तर अंगाला सदाशिवगडाची टेकडी आहे. सोंद्याच्या राजाने हा किल्ला बांधून आपल्या वडिलांचे नाव त्याला दिले, असे सांगतात. डाव्या हाताला कारवारचा लांबलचक किनारा, समोर मोकळा समुद्र. नदीचे हिरवट पाणी आणि समुद्राचे निळे पाणी जिथे मिसळते तिथे बोट थोडी डुलली, बँकवाल्या मित्राने बाकाची कड घट्ट धरली आणि मग एकदम सगळे स्थिरावले. मागे वळून पाहिले तर सह्याद्री थेट किनाऱ्यापर्यंत उतरलेला. एवढ्या जवळ डोंगर आणि समुद्र आपल्याकडे क्वचितच भेटतात. गाव म्हणजे त्या दोघांमधली एक अरुंद पट्टी आहे, हे त्या क्षणी लक्षात आले.

देवबागचा सुरूचा किनारा उजवीकडे ठेवून आम्ही कूर्मगडाच्या दिशेने गेलो. कासवासारखे दिसणारे हे बेट, त्यावर नरसिंहाचे देऊळ. तांडेलांनी अचानक इंजिन बंद केले आणि बोट दाखवले. दोन डॉल्फिन, नंतर आणखी एक. उड्या वगैरे काही नाहीत. पाठ वर येई, पाणी फुटे आणि परत शांत. आम्ही चौघे पोक्त माणसे, पण पंधरा मिनिटे एकही शब्द बोललो नाही.

पुढे देवगड बेटावरचे दीपगृह. हे १८६४ सालचे. एके काळी मुंबईहून येणाऱ्या आगबोटी कारवार बंदराला लागत. घाटरस्त्याने धारवाड गाठण्यापेक्षा कारवारकराला समुद्रमार्गे मुंबई सोपी होती. या जिल्ह्यातली माणसे मुंबईला गेली, तिथल्या गिरण्यांत, कचेऱ्यांत राहिली आणि कन्नड साहित्यातली मुंबईही त्यांनीच लिहिली. यशवंत चित्ताल गोकर्णाजवळच्या हनेहळ्ळीचे. 'शिकारी' ही त्यांची कादंबरी मुंबईत घडते. प्राध्यापक हे सांगत होते तेव्हा व्यापारी मित्र म्हणाला, "म्हणजे आमची मुंबई यांनी कन्नडमध्ये नेली." "नेली नाही," प्राध्यापक हसून म्हणाले, "बोटीतून उतरवून घेतली."

त्याच पाण्यावर इतिहासही फार दूर नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन निघाले, आजच्या उडुपी जिल्ह्यातल्या बसरूरवर गेले आणि परतताना गोकर्णाचे दर्शन घेऊन कारवारला आले. महाराज स्वतः ज्या मोहिमेत समुद्रावर होते ती हीच. कारवारला इंग्रजांची वखार होती, आणि खंडणीत त्यांनी आपल्या वाट्याचे ११२ पौंड भरले. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपणारी ही मोहीम त्या बोटीत बसून अंतराच्या हिशेबात मोजली की छाती दडपते. आमच्या बोटीला इंजिन होते, त्यांच्या गलबतांना वाराच.

योगायोग असा की त्याच महिन्यात इंग्रजांनी मुंबई ताब्यात घेतली. ती ताब्यात मिळण्याची वाट पाहत त्यांचे सैनिक कारवारच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर अडकून पडले होते आणि त्यातले बहुतेक तिथेच आजाराने मेले. अंजदीव आम्ही लांबूनच पाहिले. तिथे आता नौदल आहे, जाता येत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी हे बेट घेताना आपले सात नौसैनिक धारातीर्थी पडले. गंमत म्हणजे बेट कारवारच्या दक्षिणेला असूनही ते गोव्याचे. कागदावर राज्यांच्या हद्दी सरळ वाटतात, पण समुद्रातून बघताना गोवा आपल्या उत्तरेलाही असतो आणि दक्षिणेलाही.

तांडेल मात्र त्या दिशेला फार वेळ पाहत नव्हते. नौदलाच्या 'सीबर्ड' प्रकल्पासाठी बिणगा, अरगा या बाजूचा किनारा गेला आणि हजारो कुटुंबे उठली. 'आयएनएस कदंब' हा तळ ३१ मे २००५ रोजी सुरू झाला. "देशासाठी दिले, त्याचे काही नाही," ते म्हणाले, "पण आजोबा रापण लावायचे तो किनारा नातवाला दाखवता येत नाही." रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचे मोठे जाळे. मिळालेली मासळी वाटून घ्यायची. सत्तरच्या दशकात यांत्रिक बोटींची पर्सीन जाळी आली आणि रापणीचे दिवस सरत गेले.

परतीच्या वाटेवर नदीत शिरलो तेव्हा आठवण झाली ती रवींद्रनाथांची. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. ऐन विशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहिले, चांदण्यात होडीने काळीतून वर गेले आणि वाळूवरून पायी घरी परतले. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथेच लिहिले. किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे.

त्याच काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला. एक ट्रक नदीत पडला, त्याच्या चालकाला पोलिसांनी आणि मच्छीमारांनी वाचवले. पूल होण्याआधी कोडीबाग आणि सदाशिवगड होडीनेच जोडलेले होते. या गावाचा पाण्यावरचा भरवसा कमी होत नाही, तो असा.

भरवसा असला तरी भाबडेपणा नको. २१ जानेवारी २०१९ ला कूर्मगडाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली आणि पंधराहून अधिक माणसे बुडाली, त्यात लहान मुलेही होती. बोटीत क्षमतेहून जास्त माणसे होती. बुडालेल्यांत बरेच जण आपल्यासारखेच घाटावरचे, पाण्याची सवय नसलेले. म्हणून जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. जाकीट अंगात घालून, पट्टे बांधूनच बोटीत पाय ठेवा. बसायला म्हणून खाली घेऊ नका. किती माणसे घेणार हे निघण्याआधी विचारा, आणि जास्त भरली तर उतरा. दर आधी ठरवा. तांडेल 'आज नको' म्हणाला तर हुज्जत घालू नका. पाणी आणि टोपी बरोबर असू द्या आणि निघण्याआधी हलके खा.

जूनमध्ये पाऊस आला की हे सगळे बंद होते. तेव्हा जायचे ते मे संपायच्या आत, किंवा मग दिवाळीनंतर. मुलांना जरूर न्या. त्यांची कन्नड आपल्यापेक्षा चांगली असते. तांडेलाशी गप्पा मारायला ती उपयोगी पडेल, आणि अडलेच तर मराठी आहेच.