गोखरूची जागा

गोखरूला पाहायला येणारे बहुतेक जण त्याला साळिंदराचं पिल्लू समजत. पण गोखरू हा हेजहॉग. साळिंदर उंदरांच्या गोतातलं, हेजहॉगचं नातं चिचुंद्रीशी. घाबरला की तो अंगाचा चेंडू करायचा, आत नाक लपवून फुस्स फुस्स आवाज काढायचा आणि धोका टळला असं वाटेपर्यंत तसाच पडून राहायचा. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानात आणि तमिळनाडूतही हेजहॉगच्या आपल्या जाती आहेत. त्यांना तिथेच राहू द्यावं, उचलून घरी आणू नये. आमचा गोखरू आफ्रिकी जातीचा, माणसांच्या घरातच जन्मलेला. लेकीची मैत्रीण २०१५ च्या पावसाळ्यात शिकायला परदेशी निघाली आणि त्याला आमच्या हवाली करून गेली. वजन जेमतेम चारशे ग्रॅम, पण पिंजरा चांगला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. तो ठेवायचा कुठे?

आम्ही तेव्हा बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये राहायचो. १८९८ च्या प्लेगनंतर गावाबाहेर मोकळ्या हवेत वसवलेला हा भाग. घर जुनं, बैठं. उंच छत, तांबडी गुळगुळीत जमीन, खिडक्यांवर लाकडी झालरी. पिंजरा दिवाणखान्यात खिडकीशी ठेवावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल, असं लेकीचं म्हणणं. आईने एका वाक्यात निकाल लावला, "तो दिवसा झोपतो ना? मग लोकांनी बघायचं काय?"

तिचं खरं होतं. हेजहॉगला डोळ्यांनी फार कमी दिसतं. त्याचं सारं जग नाकाचं आणि कानांचं. खिडकीत सकाळचं ऊन थेट यायचं, शेजारी टीव्ही. स्वयंपाकघरात मिक्सर आणि फोडणीचा ठसका. देवघराजवळचा कोपरा शांत वाटला, पण पहाटे, म्हणजे तो रात्रभर फिरून नुकता आडवा होतो तेव्हाच, आई घंटा वाजवणार. व्हरांड्यात मांजरं. राहिलं काय, तर पुस्तकांच्या खोलीतली आतली भिंत.

तरी मी घाई केली नाही. एक साधा थर्मामीटर आणला आणि तो एकेका कोपऱ्यात रात्रभर ठेवून पहाटे वाचत गेले. ज्याला हा प्राणी ठेवायचा आहे त्याने हे एवढं तरी करावंच, असं मी आजही कळकळीने सांगते. या जातीला साधारण चोवीस ते अठ्ठावीस अंश मानवतात. पारा अठरा-वीसच्या खाली गेला की तो सुस्तावतो, पोट गार पडतं आणि शरीर थंडीची झोप घ्यायला बघतं. युरोपातले त्याचे भाऊबंद अशी झोप महिनोन्‌महिने काढतात, पण त्यांनी त्यासाठी अंगावर चरबी साठवलेली असते. याच्यापाशी ती शिदोरी नाही. ती झोप त्याच्या जिवावर बेतू शकते.

बेंगळुरूची हवा चांगली, असं आपण सगळेच म्हणतो. पण हे गाव समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पंधरा-सोळा अंश असतात. घरात एकाच खोलीत, जमिनीवर आणि कमरेएवढ्या उंचीवर पारा वेगळा निघाला. तांबडी जमीन थंडी धरून ठेवायची. म्हणून एक जुनं लाकडी टेबल काढलं, त्यावर पिंजरा, पाठ भिंतीला. उंचीचा आणखी एक फायदा होता. वरून सावली पडली की हेजहॉग घाबरतो, रानात घुबड असंच वरून येतं. टेबलावर असल्यावर हात बाजूने जायचा, आणि तो काटे उभारायचा नाही. थंडीच्या दिवसांत वर उजेड न देणारा, नुसती ऊब देणारा सिरॅमिकचा दिवा. वीज गेली की फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी.

मुंग्यांचा प्रश्न आईने सोडवला. अळ्या आणि मांजराचं कोरडं खाणं हा गोखरूचा आहार, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी रांग लागली होती. तिने टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. औषध फवारायचा विषयच नव्हता.

त्याचं नाक काय चीज आहे ते एकदा दिसलं. म्हैसूर सँडल साबणाने हात धुऊन मी त्याला उचललं, तर त्याने बोट हुंगलं, चाटलं, तोंडात फेस केला आणि मान वळवून तो फेस आपल्याच काट्यांना फासू लागला. नवा वास भेटला की हेजहॉग असं करतात. का, ते नीटसं उलगडलेलं नाही.

आवाजाचं मात्र सगळं आमच्या हातात नव्हतं. जवळच काडु मल्लेश्वराचं देऊळ, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात बांधलेलं. मराठी माणसाने तिथे जरूर जावं. पण शिवरात्रीच्या रात्री नगारे घुमले की गोखरू पिंजऱ्यातल्या झोपायच्या खोक्याबाहेर येत नसे. त्या रात्री आम्ही खोलीची दारं-खिडक्या लावून पिंजऱ्यावर घोंगडी टाकायचो.

आणि मग २०१६ चा एप्रिल आला. २४ तारखेला शहराचा पारा ३९.२ वर गेला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा उच्चांक. गोखरू पाय पसरून पालथा, चपटा पडून राहायचा. थंडीत जिच्यापासून त्याला उचलून वर ठेवलं होतं, त्याच तांबड्या जमिनीवर पिंजरा उतरवला, कडेला ओला पडदा लावला, आणि दोन दिवसांत तो पुन्हा खायला लागला. तेव्हापासून वर्षात दोनदा त्याचं बिऱ्हाड हलायचं. एकच कायमची जागा शोधणं हे या शहरात चालत नाही, हे मला त्याच्यामुळे कळलं.

या प्राण्याचं आयुष्य चार-पाच वर्षांचं. २०१८ च्या थंडीत त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. पिंजऱ्यातलं पळायचं चाक काढलं, पाण्याची वाटी उथळ केली, आणि पिंजरा आईच्या पलंगाशेजारी नेला. आईला रात्री झोप कमीच लागायची. तो वाटीपर्यंत पोचला नाही तर ती उठून वाटी पुढे सरकवायची. त्याच वर्षाच्या अखेरीला तो गेला.

पुढे यलहंक्याला राहणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने हेजहॉग घेतला आणि पिंजरा मागायला आली. मी तिला खोल्या किती ते विचारलं नाही. जमीन कसली आहे, ऊन कुठून येतं, आणि रात्री घरात जागं कोण असतं, हे विचारलं. तिची आजी जागी असते म्हणाली. मी पिंजरा दिला.