राखणदाराचे देणे

कुत्रा पाळणे म्हणजे त्याला दोन वेळा भाकरी घालणे आणि रात्री ओट्याशी बांधणे, एवढाच अर्थ आमच्या वाडीत पिढ्यान्पिढ्या रूढ आहे. त्याच्या पोटात काय चालले आहे, याचा विचार करण्याची रीत नाही. आमच्या घरी तो विचार आला तो नातीच्या निमित्ताने. ती अंगणात रांगू लागली, त्याच सुमारास दारच्या कुत्रीला चार पिले झाली. घरातील वडीलधाऱ्यांनी निकाल दिला की, आई आणि पिले दूर कुठेतरी नेऊन सोडावीत. त्यांचे भय खोटे नव्हते; उपाय मात्र निर्दय होता. म्हणून आधी आम्ही गुरांच्या दवाखान्याची वाट धरली.

तेथे कळले ते असे. पिलांची टम्म पोटे पाहून लोक कौतुकाने बाळसे म्हणतात. पुष्कळदा ते जंत असतात. गोलजंतांच्या अळ्या आईच्या शरीरात सुप्त राहतात, गर्भारपणी पिलांत शिरतात आणि पुढे दुधावाटेही जातात. त्यामुळे स्वच्छ घरात जन्मलेले पिलूही यातून सुटत नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही केवळ समजूत आहे; आणि त्यांवर लसूण चारणे तर कुत्र्याला अपायकारकच.

या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. ताजी अंडी बाधत नाहीत. सावलीच्या ओलसर मातीत ती काही आठवड्यांत पक्व होतात आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. मातीचा हात तोंडात गेला की अळ्या बालकाच्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यांतही पोहोचतात. 1950 साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांना, कर्करोगाच्या संशयाने काढलेल्या मुलांच्या डोळ्यांत अशा कृमींच्या अळ्या आढळल्या. त्यांतील काही कुत्र्याच्या गोलजंताच्या होत्या, हे पुढे सिद्ध झाले. हे ऐकल्यावर घरातील भय आम्हांस अधिक समजले; पण त्यावरचा इलाजही हाती आला.

पिलू दोन आठवड्यांचे झाले की पहिले औषध. मग आठ आठवड्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि त्यानंतर आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. पिलांबरोबर आईलाही औषध द्यायचे. मात्रा वजनावर ठरते. म्हणून अंदाजाने अर्धी गोळी मोडून देऊ नये. विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर अंड्यांना पक्व होण्यास सवडच मिळत नाही.

बाकीचे जंत दुसऱ्या वाटांनी येतात. अंकुशकृमी रक्त पितात, पिलांच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. त्यांच्या अळ्या अनवाणी माणसाच्या कातडीतही शिरून खाजरी, नागमोडी रेघ उमटवतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमी. ते गिळलेल्या पिसवांतून येतात, म्हणून पिसवांचा बंदोबस्त केल्याविना नुसती गोळी पुरत नाही. खाटकाकडची कच्ची आतडी-काळजे कुत्र्याला घालू नयेत. त्यांतून येणाऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

कुत्री राहिली, दोन पिले शेजाऱ्यांनी नेली, दोन आमच्याकडेच वाढली. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर नातीच्या लसींच्या तारखांखाली कुत्र्यांच्या गोळ्यांच्या तारखाही आम्ही लिहितो. वडीलधाऱ्यांचा विरोधही मावळला. तारीख जवळ आली की आता तेच आठवण करून देतात.

एक गोष्ट मात्र एका घराने होण्यासारखी नाही. वाडीला कुंपण घालता येते, मातीला नाही. आमच्या कुत्र्याला औषध दिले आणि शेजारच्याला नाही, तर अंगण तेच, पोरेही तीच. म्हणून आळीतील चार घरांनी मिळून एकाच दिवशी साऱ्या कुत्र्यांना, दारोदार हिंडणाऱ्या बेवारशालासुद्धा, गोळ्या द्याव्यात, असे आम्ही सुचवतो. दाराशी आलेल्या परक्यावर कुत्रा भुंकतो. मातीतल्या या शत्रूची त्याला जाणीव नसते. तेवढी राखण आपण करायची.