31 वस्तूंची यादी

मंगनी मोडली की घरात दोन गोष्टी आपोआप सुरू होतात. मुलीची आई रडायला लागते आणि मुलाची फुपू वही काढते.

आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात हे दोन्ही एकाच दिवशी झालं. माझ्या भाचीची मंगनी चौदा महिन्यांनी मोडली. मुलगा तळेगावचा, आम्ही लोणावळ्याचे. आपाने डोळ्याला ओढणी लावली आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलवर एक फोटो आला. वहीच्या रेघांच्या पानावर, सुबक अक्षरात, 31 वस्तूंची यादी. 'आमच्याकडून दिलेलं सामान' असं शीर्षक. पहिल्या नंबरला अंगठी होती, ते बरोबरच आहे. पण सतराव्या नंबरला शिरखुर्म्याचा सुका मेवा होता आणि बाविसाव्या नंबरला बकरी ईदला पाठवलेली बोकडाची रान.

भाईजान म्हणाले, "रान कशी परत करायची?" कुणी उत्तर दिलं नाही. नंतर तेच म्हणाले, "आणि आपण दर खेपेला नेलेली चिक्की? ती लिहू का आपल्या यादीत?" आमचीही यादी तयार होत होती, हे तेव्हा मला कळलं. आपा रडता रडता आकडे सांगत होती.

मी शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. झालेल्या बाईला खानदानात सगळं येतं असा एक समज असतो. अर्ज लिहायचा, मुलाला शाळेत घालायचं, भांडण मिटवायचं, सगळं तिच्याकडे. नवरा-बायकोत बिघडलं तर दोन्ही घरांतून एकेक समजूतदार माणूस नेमावा, असं कुरआनच्या सूरह निसामध्ये सांगितलं आहे. इथे निकाह झालाच नव्हता, पण रीत चांगली आहे म्हणून आम्ही ती उसनी घेतली. त्यांच्याकडून मुलाचे मामू, आमच्याकडून मी. मुलगा आणि भाची दोघंही हजर राहणार, आणि फुपूने वही मामूंकडे देऊन घरीच थांबायचं, एवढं ठरलं.

आता बसायचं कुठे? त्यांच्या घरी नको, आमच्या घरी नको. दोन्ही मोहल्ल्यांत भिंतींना कान आहेतच, खिडक्यांना डोळेही आहेत. लोणावळा-तळेगावच्या मधलं म्हणून मळवली निघालं, आणि मळवलीहून वर लोहगडवाडी. तिथे एका ओळखीच्या वहिनींचं घर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून देतात. मंगळवार ठरवला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भाज्यापासून गायमुख खिंडीपर्यंत गाड्यांची अशी रांग लागते की तडजोड होण्याआधी निकाह होऊन दोन पोरं शाळेत जातील.

मंगळवारी मात्र वाडीत धुकं आणि आम्हीच. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर, दोन्ही दिसत नव्हते. वहिनींनी चहा ठेवला आणि मामूंनी वही उघडली.

मी म्हटलं, "मामू, या डोंगराने याद्या बऱ्याच पाहिल्यात. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले, त्यांत हा लोहगडही होता. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले, त्यातही हा आहे. जगाची यादी 12 ची, मिर्झाराजांची 23 ची, आणि फुपूची 31 ची?"

मामू हसले. मग वहीकडे पाहून हळूच म्हणाले, "माझ्याकडे आली तेव्हा 38 ची होती. सात मी खोडून आणल्या."

पुढचं सांगण्याआधी थोडं आपल्या सगळ्यांच्या घरांबद्दल बोलते, कारण नातं मोडतं तेव्हा भांडण अंगठीवर दिसतं, पण सुरू झालेलं असतं कुठल्यातरी सवयीवरून.

आपल्या घरांत दार वाजवायची पद्धत नाही. दार हे वाऱ्यासाठी आहे, माणसांसाठी नाही, असं समजून आपण आत शिरतो. खरं तर सूरह नूरमध्ये घरातल्या लहान मुलांनीसुद्धा दिवसातून तीन वेळा विचारून आत यावं असं सांगितलं आहे: फजरच्या आधी, दुपारच्या आरामाला आणि इशाच्या नमाजनंतर. आमच्या एका चाचींना ही आयत तोंडपाठ आहे. त्या ती म्हणतच आत येतात.

दुसरी सवय म्हणजे फोन स्पीकरवर टाकणं. मुलगी होणाऱ्या नवऱ्याशी बोलतेय, आई शेजारी मेथी निवडतेय, आणि मध्येच ओरडते, "विचार त्याला, पगार वाढला का?" तिसरी सवय, वजनाची. घरात पाऊल टाकलं की सलामच्या आधी 'जाडी झालीस' किंवा 'वाळलीस'. मी वीस वर्षं ऐकतेय, माझं नेमकं वजन कुणाला पसंत पडेल ते अजून कळलं नाही. चौथी, खुशखबरची. लग्नाला दोन महिने झाले की प्रत्येकजण पोटाकडे पाहून सलाम करतो.

यावर मी काही उपाय शोधलेत. पगार विचारला की मी उसने पैसे मागते, पुढच्या वेळी कुणी विचारत नाही. वजनावर कुणी बोललं की त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते, मग अर्धा तास विषय तिथेच राहतो. खुशखबर विचारणाऱ्याला "आहे ना" म्हणून सांगते की आमच्या गल्लीचं गटार दुरुस्त झालं. आणि न विचारता खोलीत येणाऱ्याला कपड्यांच्या घड्या घालायला बसवते. चाचींना दोनदा बसवलं. आता त्या बाहेरून खोकतात.

पण माझी स्वतःची एक सवय आहे, तिच्यावर मी उपाय शोधला नव्हता. ती त्या दिवशी वहिनींच्या ओसरीवर बाहेर आली.

यादी छान पुढे सरकत होती. मामू आणि मी मिळून तीन ढीग केले होते. खाल्लं-प्यालं ते माफ. मेवा गेला, रान गेली, चिक्की गेली. अंगाच्या मापाने शिवलेलं राहू द्यायचं, कारण भाचीच्या मापाचा ईदचा जोड घेऊन फुपू काय करणार? तिसरा ढीग सोन्याचा आणि महागाच्या वस्तूंचा. अंगठ्या दोन्हीकडून परत, घड्याळ परत, फोन परत. मामू म्हणाले, "दिलेली भेट परत मागणाऱ्याबद्दल हदीसमध्ये जी उपमा आहे, ती जेवायला बसताना सांगण्यासारखी नाही. पण अंगठी नात्यासाठी दिली होती, नातं राहिलं नाही, दोन्हीकडून परत केली की कुणाच्या मनात राहणार नाही." मला पटलं.

मग मी विचारलं, "मुलांना काही सांगायचंय का?"

मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मॅडम, माझे मेसेज काढून टाका म्हणावं. सगळ्यांच्या फोनमधून."

आधी तो मला खाला म्हणायचा.

झालं होतं असं. मुलगा उर्दू माध्यमातून शिकलेला, भाची मराठी माध्यमातून. तिच्याशी तो मुद्दाम मराठीत लिहायचा. रमजानमध्ये त्याने लिहिलं, 'तुझी आठवन येते.' भाचीने लाजत मला दाखवलं. आणि मी, शिक्षिका, हसले. इफ्तारच्या दस्तरख्वानावर बारा माणसांत सांगितलं, "जावईबापूंना आठवण येते, पण ण येत नाही!" सगळे हसले. कुणीतरी त्या मेसेजचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो त्यांच्या घरी पोचायला किती वेळ लागणार? महिनाभर त्याचे चुलतभाऊ त्याला 'आठवन' म्हणून हाक मारत होते. त्याने मराठीत लिहिणं थांबवलं, मग हळूहळू लिहिणंच थांबवलं.

मंगनी फक्त यानेच मोडली असं मी म्हणत नाही. नोकरीचं होतं, मुलीने पुढे शिकायचं की नाही ते होतं, फुपू तर होतीच. पण सुरुवात कुठे झाली असेल, ते मला ठाऊक आहे.

वाईट याचं वाटतं की हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. उर्दूच्या लिपीत 'ण' साठी अक्षरच नाही. उर्दू माध्यमाचं मूल मराठीत 'पानी' लिहितं, 'आठवन' लिहितं, तेव्हा तो आळस नसतो, त्याच्या कानाला आणि हाताला तो आवाज कुणी दिलेलाच नसतो. वर्गात मी हे दरवर्षी समजावते. एकाही मुलाला ण वरून हसू देत नाही. घरी आल्यावर मात्र बी.एड. चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवते.

मी त्याला म्हटलं, "चूक माझी होती. ण ची नव्हती." आणखी काही सुचलं नाही. भाचीने फोन काढला, त्यानेही काढला. दोघांनी एकमेकांसमोर मेसेज आणि फोटो पुसले. मी घरच्या ग्रुपवर लिहिलं की तो फोटो ज्याच्या ज्याच्याकडे असेल त्याने आज मगरिबच्या आत काढून टाकावा. भाईजानने लगेच अंगठा पाठवला. ते नेहमी पाठवतात, वाचून की न वाचता ते अल्लाह जाणे. म्हणून घरी गेल्यावर मी एकेकाचा फोन हातात घेऊन पाहिला. सवय वाईटच, पण एकदा कामाला आली.

निघताना वहिनींनी पैसे घ्यायला नकार दिला. म्हणाल्या, "आमच्याकडे भांडायला येणारे बाकी गडावर जाऊन फोटो काढून निघून जातात. तुम्ही निदान मिटवून निघालात."

तर वाचकहो, नातं जुळताना आणि मोडताना उपयोगी पडेल असं थोडं सांगते.

आपल्याकडे मंगनी म्हणजे वायदा, निकाह म्हणजे करार. मंगनी मोडली तर मेहरचा प्रश्न येत नाही, इद्दतचा येत नाही, आणि मुलगी 'सोडलेली' तर मुळीच होत नाही. हा शब्द ज्या तोंडातून निघेल त्या तोंडात खजूर कोंबा. निकाह झाला पण संसार सुरू होण्याआधीच तलाक झाला, तर ठरलेल्या मेहरचा अर्धा हिस्सा मुलीचा असतो आणि इद्दत नसते. संसार होऊन तलाक झाला, तर 1986 च्या मुस्लिम महिला कायद्यात तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की मेहर तर तिचाच, शिवाय लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी तिला जे दिलं तेही तिचंच. तिथे फुपूची वही चालत नाही, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. तेव्हा यादी करायचीच असेल तर मुलीच्या आईने लग्नाच्या दिवशी करावी, बिलांसकट. भांडताना केलेल्या यादीत सुका मेवा येतो आणि सोनं राहून जातं.

बोलणी करायला दोन्हीकडून एकेकच माणूस पाठवा, तेही ज्याला घरी लवकर परत जायचंय असं. वेळ भरपूर असलेला माणूस भांडण मिटवत नाही, त्याला दिवस काढायचा असतो. जेवण मध्ये ठेवा. भाकरी मोडताना माणूस आवाज चढवू शकत नाही.

फोटो आणि मेसेज हे यादीत सगळ्यात वर लिहा. सोनं परत आलं तरी ते कुणी पाहिलं नाही असं होत नाही, पण त्याने अब्रू जात नाही. संमतीशिवाय कुणाचे अगदी खासगी फोटो पसरवले तर 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे घरातल्या पोरांना मंगनीच्या दिवशीच सांगून ठेवा. आणि साध्या मेसेजला कायदा नसला तरी तो दुसऱ्याने विश्वासाने लिहिलेला असतो, हे घरातल्या शिक्षिकांना सांगा.

भाची आता पुण्याला शिकायला जाते, सकाळच्या लोकलने. परवा तिने मला कॉलेजच्या अर्जाचा मसुदा पाठवला आणि खाली लिहिलं, 'खाला, चुका फक्त मला सांगा.' तीन होत्या. फक्त तिलाच सांगितल्या.