अब्बांचा ब्रश आणि माझं कॉलेज

बारावीनंतर उपयोजित कला, म्हणजे आता सगळे ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात ते शिकायचं, असं मी घरी सांगितलं तेव्हा सर्वांत मोठा विरोध अब्बांचा होता. अब्बा स्वतः पेंटर. कराडच्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पण फ्लेक्स आला, आणि दोन दिवसांचं काम तासाभरात छापून मिळू लागलं. अब्बा घरांना रंग देण्याची कामं घेऊ लागले. "माझा हात मशीनने रिकामा केला. तू त्याच वाटेने का जातेस, बेटा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामूंचं म्हणणं वेगळं. तीन महिन्यांत कोरलड्रॉ शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, मग चार वर्षं कशाला? दादींना चित्रांची चिंता, अम्मीला होस्टेलची.

शाळेत माझ्याकडून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट करून घेणारे चित्रकलेचे सर शेवटी घरी आले. बी.एफ.ए.ची चार वर्षं, त्याआधी सीईटी, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान, हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. अब्बांनी एकच विचारलं, "फी?" खासगी आणि सरकारी कॉलेजच्या फीमधला फरक ऐकून ते म्हणाले, "सरकारीत नंबर लागला तर जा." लागला, अल्हम्दुलिल्लाह. मी मुंबईला आले.

पहिल्या वर्षी बहुतेक काम हातानेच. कागद, पेन्सिल, पोस्टर कलर. मामूंना हे सांगितलं तर ते फोनवर हसले. पण अक्षरांचा तास सुरू झाला आणि मला घर आठवलं. सर म्हणाले, इंग्रजी अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं, देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. अब्बा आधी खडू लावलेली दोरी ताणून वरची रेष मारायचे आणि मगच अक्षरं खाली सोडायचे. वर वेलांटीला आणि खाली उकाराला किती जागा लागेल, तेही आधीच धरायचे. म्हणूनच मराठी मजकुराच्या दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावं लागतं, हे मी वर्गात शिकले. अब्बांना ते ठाऊक होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. बोरूने लिहिताना अक्षराचं माप टोकाच्या रुंदीवरून ठरतं. नस्तालीकमध्येही कातिब त्याच कलमाच्या नुक्त्याने हरफ मोजतात.

दिवाळीच्या सुट्टीत हे अब्बांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग कॉम्प्युटरमधली अक्षरं कोण काढतं?" विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि ते मुळात हाताने अक्षर लिहिणारे कलाकार होते, असं मी सांगितलं. अब्बा थोडा वेळ गप्प बसले. "म्हणजे मशीनच्या आतही कुणाचा तरी हात आहे," म्हणाले.

(दुसऱ्या वर्षी बिअरच्या बाटलीचं लेबल करायला दिलं होतं. मी कोकम सरबताचं करू का, असं विचारलं. सर हो म्हणाले. इतकं सोपं होतं ते.)

शेवटच्या वर्षी मी औषधाच्या दुकानातली गोळ्यांची छोटी पाकिटं घेतली. दादींना वाचता येत नाही, आणि त्यांच्यासारख्या कितीजणी मोहल्ल्यात आहेत. कोणती गोळी कधी घ्यायची हे चित्रावरून कळायला हवं होतं. कागदावर अर्धा सूर्य सुंदर दिसायचा, पण तो उगवतोय की मावळतोय यावर अंगणात बसलेल्या बायकांचं एकमत होईना. दादी म्हणाल्या, "चहाचा कप काढ ना." सकाळी कप, दुपारी भाकरीचं ताट, रात्री चंद्र. हे कुठल्याच सॉफ्टवेअरने सुचवलं नसतं.

आता पुण्यात पॅकेजिंगचं काम करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत आहे. पगार मोठा नाही, पण घरी पैसे पाठवता येतात. अब्बांचा जुना प्रश्न मात्र परत आला आहे, कारण आता मशीन मिनिटात चित्रही काढून देतं. ऑफिसात रोज त्यावर बोलणं होतं, आणि माझी धास्ती पूर्ण गेली आहे असं मी म्हणणार नाही.

मामूंची धाकटी पुढच्या वर्षी सीईटीला बसते आहे. अब्बा दर रविवारी तिच्यासमोर बादली आणि चार वांगी मांडून ठेवतात आणि सावली नीट आली नाही तर कागद परत करतात.